तांबडी वही आणि पाठची भिंत

९ जून ८६
काजूच्या डब्याचं लेबल पुन्हा परत आलं. गिऱ्हाइकाला काजू "जरा आणखी हसरा" हवाय. काजू हसतो कसा, हे अख्ख्या म्हापशात कुणी सांगितलं तर मी लगेच काढून देईन. अनंतशेट म्हणाले, छापखान्यातल्या आर्टिस्टने प्रश्न विचारायचे नसतात सुलभा, ओठ काढ आणि मोकळी हो. काढले ओठ.

परतताना डिचोलीला बस बदलली. खनिजाचे ट्रक एकामागून एक. साखळी येईपर्यंत पांढरी ओढणी तांबूस. आईने सरळ बादलीत टाकली.

ही नवी वही मात्र झकास. लेबलं कापून उरलेलं कातरण रद्दीत चाललं होतं. उचललं, दोऱ्याने शिवलं. पर्समध्ये मावते. आर्ट कॉलेज सुटल्यापासून स्वतःसाठी केलेली ही पहिलीच वस्तू. असं लिहिताना वाईट वाटलं.

१५ जून, रवि.
सकाळभर सातेरीच्या देवळात. वाड्यावरचंच देऊळ, तिथे मी रांगले, पण भिंती नीट बघितल्या त्या आज. काव लावलेल्या तांबड्या भिंती. ओल्या असतानाच लोखंडी टोकाने खरवडून आतला पांढरा चुना उघडा केलेला. फुलं, वेली, पाठच्या भिंतीवर बाहेरच्या अंगाला दोन मोर. फुलं कंपासाने आखलीत. प्रत्येक फुलाच्या मधोमध कंपासाचं टोक टेकल्याचं भोक अजून आहे. ज्याने कुणी काढलं त्याने ते बुजवलं नाही. घाई होती? की बरं वाटलं त्याला तसंच?

ट्रेसिंग पेपर धरून बसले तर पांडू गुरव आला. "कितें उतरयता गो बाय?" म्हटलं, फुलं. फुलं पाहिजेत तर परसात आहेत की, म्हणाला, आणि समईची वात नीट करायला गेला.

वडिलांना, आबांना, विचारलं भिंती कुणी केल्या. त्यांच्या आज्याच्या वेळी कोणी चितारी आले होते म्हणे. नाव? नाव कोण ठेवतं, म्हणाले. शाळामास्तर होते आयुष्यभर, आता देवस्थान समितीचे चिटणीस. इतिवृत्तात चहाला कोण हजर होतं ते सुद्धा लिहितात. चिताऱ्याचं नाव मात्र कुठे नाही.

२९ जून
वहीच्या कव्हरसाठी लिनोच्या ठोकळ्यावर त्यातलं एक फूल कापलं. अनंतशेटांकडून जेवणाच्या सुट्टीत ट्रेडल, पायाने चालवायचं छपाईयंत्र, मागून घेतलं. रंगाने जीव खाल्ला. डब्यातली तांबडी शाई म्हणजे लिपस्टिक. तपकिरी घातली, काळी घातली, पुन्हा तांबडी. शेवटी खनिजाने माखलेली ओढणीच शेजारी धरली. जुळला.

अ. शे. नी कव्हर उजेडात धरून बघितलं. मध्ये ठिपका आलाय, ब्लॉकात काही अडकलंय, काढ. म्हटलं तो ठिपका नाही, कंपासाचं भोक आहे. त्यांनी माझ्याकडे तसं बघितलं जसं ते लांबलेल्या उधारीकडे बघतात. ठिपका राहिला.

१९ जुलै
पणजी. फिलोमेनाबाईंच्या स्टेशनरीच्या दुकानात लेटरहेडं पोचवायला. पोर्तुगीजांच्या काळचं दुकान, उंच कपाटं, बाई कपाटांहून करारी. पावती लिहायला मी माझी वही काढली तर ती हातातून काढूनच घेतली. "हें कादेर्न कोणाचें?" वहीला त्या कादेर्न म्हणतात. म्हटलं माझं. विकणार? म्हटलं, नाही. बसस्टँडपर्यंत गेले, परत फिरले, आणि म्हटलं, हो.

दिवसभर हात शिवशिवतायत. दुसऱ्या एका लेबलाच्या काजूला आज ओठ न काढताच पाठवून दिलं.

७ ऑगस्ट
गेल्या आठवड्यात पोचवलेल्या वह्यांबद्दल फि. बाईंचं कार्ड. एकच ओळ, रोमी लिपीतल्या कोकणीत: संपल्या, आणखी आण.

आईला सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं. आबांना सांगितलं. मास्तराची मुलगी वह्या विकणार का, म्हणाले. शाळेत मी वह्या फुकट वाटल्या. म्हटलं, त्या सरकारच्या होत्या.

२४ ऑगस्ट
शिवायला माणूस मिळालं. मल्लव्वा. गोकाककडची, नवरा खाणीवर लोडिंगला, आमच्या शेतावर कधीमधी कामाला येते. जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवते, तो टाका बघितला आणि विचारलं. सोप्यावर बसून एका दमात ढीग शिवला. फक्त रंग पसंत नाही. "ह्यो रंग धुऊन धुऊन माझं हात गेलं की बाई. हिरवा काढा. न्हाईतर गुलाबी." म्हटलं बघू. बघणार नाहीये.

१२ ऑक्टो.
दसरा आला. आबांनी पाटीपूजनाला माझी वही मांडली. न विचारता. हळदीकुंकू लागलेली वही आता लिहायची नाही म्हणे, देवाऱ्यात राहणार. मी म्हटलं, आबा, वही लिहायची असते. म्हणाले, ही नाही.

फि. बाईंची तक्रार तीच. लोक घेतात, कपाटात ठेवतात, लिहीत नाहीत, मग दुसरी कशाला घेतील. त्यांना म्हटलं आतला कागद आणखी साधा करते. हसल्या.

पण मला चैन नाही. चांगली झालीय म्हणून लिहीत नाहीत, की देवळाची आहे म्हणून? मी देऊळ विकते आहे का? हा प्रश्न बसमध्ये आला आणि डिचोलीला उतरलाच नाही.

२१ डिसें.
तीन दिवस घरात. राजभाषेच्या आंदोलनात रस्त्यावर झाडं आडवी टाकलीत, बस नाही, पाववाला पोदेर नाही म्हणून चहाला उंडे नाहीत. आबा मराठीच्या सभेला चालत साखळीला गेले, घसा बसवून आले, आणि दारातून आईला म्हणाले, "च्या दी गो मातशी." आई म्हणाली, सभेत हे असंच कोकणीत मागितलंत का? आबा रागावले. मी हसले म्हणून माझ्यावर जास्त.

कव्हरवर नाव घालायचं ठरवलं होतं. अक्षरं काढूनही ठेवली होती. आता भीती वाटते. देवनागरीत घातलं तर कुठली भाषा विचारतील, रोमीत घातलं तर आबा घर सोडतील. अक्षरं पेटीत टाकली.

१८ जाने. ८७
आज फि. बाईंकडे. आठवड्यात सगळ्या वह्या गेल्या. समोर दोन पोरं भाषेवरून भांडत होती, त्यातल्या एकाने बाईंना विचारलं, ही वही आमची की त्यांची? बाईंनी वही त्याच्या नाकासमोर धरली. "हाचेर कांयच बरोवंक ना. तूंच बरय." हिच्यावर काही लिहिलेलंच नाही म्हटल्यावर दोघांनी एकेक घेतली.

साखळीतला दुकानदार हेच म्हणतो. बाकी सगळ्या वह्यांवर कुणाचं तरी काहीतरी लिहिलेलं असतं, गिऱ्हाईक आधी ते वाचतं, मग तोंड वाकडं करतं. तुमच्यावर काही नाही. लोक 'ती तांबडी वही' म्हणून मागतात.

म्हणजे नाव पडलं. मी ठेवलं नाही, पडलं. तांबडी.

८ फेब्रु.
विधानसभेत झालं म्हणे. कोकणी राजभाषा, मराठीलाही जागा. आबा जेवले नाहीत. फि. बाईंनी पेढे वाटले, मला दोन दिले, एक आबांसाठी. दिला नाही. बसमध्ये मीच खाल्ला.

मडगावहून मागणी, म्हापशातून मागणी. सोप्यावर मल्लव्वाबरोबर तिच्या दोघी गाववाल्या. आईला घरात पाय ठेवायला जागा नाही, ती कुरकुरते आणि खळ शिजवते.

१५ एप्रिल
अ. शे. नी बोलावलं. सरळ माणूस, सरळ विचारलं. नोकरी की वही? म्हटलं, दोन्ही. म्हणाले, दोन्ही करणारी माणसं दोन्हीकडे जांभया देतात. विचार कर, आणि वह्यांचं छपाईचं काम मात्र माझ्याकडेच दे.

विचार करतेय म्हणजे काय करतेय? उठते, बसते, माडाच्या आळ्यापर्यंत जाते, परत येते. आई म्हणते, एका जागी बस, जमीन झिजेल.

३० मे
गोवा राज्य झालं. साखळीत फटाके. आबा सुद्धा खूश, निदान ह्या बाबतीत. मी काल राजीनामा दिला. अ. शे. नी जुनी कटिंगची सुरी भेट दिली, धार लावून. गोव्याला काय मिळालं ते सगळे सांगतायत, मला काय मिळालं ते महिनाअखेर कळेल. भीती वाटते. आनंदही आहे, पण भीती आधी उठते सकाळी.

२१ जून
पेपरात आलं. तांबड्या वहीवर, आणि वहीपेक्षा जास्त देवळावर. फोटोत मोर. आज रविवार म्हणून पणजीहून दोन गाड्या भरून माणसं. एका बाईने वही भिंतीशेजारी धरून फोटो काढून घेतला. पांडू गुरवाला काय करावं कळेना, त्याने सगळ्यांना तीर्थ दिलं.

दामूकाका आले होते. समितीचे अध्यक्ष, चार ट्रक खाणीवर. गाड्या बघून छाती फुगली, मग भिंतीकडे बघून चेहरा उतरला. "सुलू, तुज्या वह्येक लागून इतले लोक येतात. आनी आमच्यो भिंती पळय. लज दिसता गो." मी हसण्यावारी नेलं. ओल येते पावसाळ्यात, तेवढंच बोलतायत असं वाटलं.

२८ जुलै
समितीने देवळाच्या कामासाठी देवीचा कौल घेतला. मी नव्हते. बायकांना समितीत जागा नाही आणि मला वह्यांची गाडी भरायची होती. पांडूने देवीच्या दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या, आबांनी गाऱ्हाणं घातलं, उजवी पाकळी लगेच पडली, म्हणजे होकार. सगळे खूश.

रात्री जेवताना आबा म्हणाले, देवळाच्या कामाला तू काहीतरी द्यायला हवंस. किती वर्षांनी आबांनी माझ्याकडे काही मागितलं. छपरातून गळतं हे मी स्वतः बघितलंय. दिले. आकडा इथे लिहीत नाही, पण देताना हात हलका वाटला. आबांनी पाकीट आधी देवाऱ्यात ठेवलं, हळदीकुंकवाच्या वहीवर.

१९ सप्टें.
कोल्हापूरहून कागद घेऊन आज परतले. आठवडा गेला तिकडे. ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आले, चोर्ला घाटात जीव मुठीत.

वाड्यावर वळलो तर देवळासमोर खोक्यांची चळत. पांढऱ्या चकचकीत टाइल्स. मंडपाच्या दोन्ही बाजूच्या भिंती आतून पांढऱ्या. गुळगुळीत, मोरीसारख्या. वेली नाहीत. खाली तांबडा चुरा, तो गवंडी फावड्याने वाटेवरच्या खड्ड्यात भरत होते.

मी काय बोलले ते आठवत नाही. दामूकाका म्हणाले, उरलं ते जत्रेआधी होऊन जाईल, पाठची भिंत तेवढी राहिलीय. आणि मग म्हणाले, आभार मान बापाचे, अर्धं काम तुझ्या वहीवर झालंय. देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर आबांचं नाव घातलंय.

माझ्या पैशाने. भिंतीवरून फूल उचललं, ते विकलं, आणि त्या पैशाने भिंत बुजवली. हे मी लिहून बघितलं, तरी खरं वाटत नाही.

२० सप्टें.
आबांशी.
"कौल मेळिल्लो गो," ते म्हणाले.
काय विचारलंत देवीला?
"काम करूं काय, म्हूण."
कुठलं काम?
उपरणं झटकलं. मग म्हणाले, काम म्हणजे काम. जीर्णोद्धार. सगळीकडे होतायत, डिचोलीतल्या देवळांना टाइल लागून वर्षं झाली, आमची सातेरी काय भिकारी आहे? तू पैसे दिलेस तेव्हा विचारलंस का कशाला?

नाही विचारलं. तिथे मी अडकले. रागाने पाण्याचा तांब्या आपटला, तांब्याला पोचा आला, आईने दोघांनाही बाहेर काढलं. आबा पडवीत, मी सोप्यावर. मध्ये वह्यांचा ढीग.

२३ सप्टें.
मल्लव्वा देवळात जाऊन आली. खूश. "किती झ्याक केल्यात बाई! फडकं मारलं की साफ. आमच्या घराला असली टाइल लागली तर म्या दिसातनं चारदा पुशीन." तिच्यावर रागावता येईना. तिचं घर पत्र्याचं, खाली तांबडी धूळ, वर तांबडी धूळ. तिने कधी तांबड्याला छान म्हणावं?

२ ऑक्टो.
दसरा. फि. बाईंकडे गेले ते नुसती बसायला. त्यांना भिंतीचं कळलं होतं. हळहळल्या, मग मनाविरुद्ध त्यांच्यातला दुकानदार बोलला. "आतां तर ह्यो चडच खपतल्यो." भिंत गेली, आता वही तेवढी राहिली, लोक धावतील.

इथे खरं लिहायचं तर लिहिते. क्षणभर बरं वाटलं. मनात मागणीचा हिशोबही सुरू झाला. मग बाईंचा चहा तसाच ठेवून उठले.

११ ऑक्टो.
दामूकाका घरी. हातात कागदात गुंडाळलेली टाइल. बेळगावच्या दुकानदाराला त्यांनी माझी वही दाखवली, त्याने नमुना करून दिला. पांढऱ्यावर तांबडं फूल. माझं. म्हणजे भिंतीचं. पाकळी न पाकळी बरोबर. फक्त मधलं भोक नाही. गुळगुळीत करून टाकलंय.

पाठच्या भिंतीला ह्याच टाइल्स लावायच्या, मोरांच्या जागी, म्हणजे तुझंही समाधान. मोठं चित्र तू काढून दे, तेवढं तुझ्या नावाने. त्यांना खरंच वाटतंय ते माझ्यावर उपकार करतायत. वाईट माणूस नाही. माझ्या बारशाला पाळण्याची दोरी त्यांनी आणली होती.

न विचारता माझं फूल घेतलं म्हणून चिडले. मग वाटलं, मी भिंतीला कुठे विचारलं होतं? चिताऱ्याला? टाइल खिडकीत ठेवलीय. येता-जाता दिसते. उलटी करून ठेवली, तरी दिसते.

१३ ऑक्टो.
नवा मोठा लिनो आणला. दोन्ही मोर उतरवायचे म्हणून देवळात गेले, आणि कागद उघडलाच नाही. उतरवले की भिंत गेली तरी चालेल असं वाटायला लागेल. मला आणि सगळ्यांनाच. भिंतीचं काय ते ठरण्याआधी उतरवणार नाही.

शिवण थांबवली. मल्लव्वा म्हणाली, रोजीचं काय. खरं आहे. पुन्हा सुरू केली. जुनंच फूल छापतोय. ट्रेडलचा प्रत्येक ठोका डोक्यात.

२६ ऑक्टो.
शेवटी आबांना सांगितलं, पुन्हा कौल लावा. पाठच्या भिंतीसाठी वेगळा. मला विचारता येत नाही, तुम्हाला येतं.

म्हणाले, एकदा मिळालेला कौल पुन्हा मागायचा म्हणजे देवीची परीक्षा घेणं. माझ्याकडून होणार नाही.

म्हटलं, परीक्षा देवीची नाही. तुम्ही प्रश्न अर्धा विचारलात. शाळेत पोराने अर्धं गणित लिहून खाली बरोबर उत्तर लिहिलं असतं तर तुम्ही मार्क दिले असते का?

आबा उठून गेले. चप्पल न घालता. आई म्हणाली, फार बोललीस. फार बोलले. आबांना असं कधी बोलले नव्हते. पण ते शब्द परत घ्यावेसे वाटत नाहीत, हेच जास्त लागतंय.

८ नोव्हें.
आबा आईमार्फत मीठ मागतात.

आज संध्याकाळी ते घरात नव्हते. वह्या पोचवून येताना देवळाच्या मागून आले. आबा पाठच्या भिंतीशी उभे, हातात फळ्यावरचा लाकडी कंपास. निवृत्त होताना शाळेने दिलेला, कपाटावर धूळ खात असायचा. एका फुलाच्या भोकात टोक टेकवून हात फिरवत होते, हवेतच, भिंतीला न लावता. मग पुढच्या फुलाकडे. ओठ हलत होते, मोजत असतील किंवा स्वतःशीच शिकवत असतील.

मी मागेच फिरले. लांबच्या वाटेने घरी आले.

१५ नोव्हें.
आबांनी समितीची सभा बोलावली. काय झालं ते पांडूने आईला सांगितलं. दामूकाका भडकले. जत्रा तोंडावर, टाइलचा ट्रक बेळगावहून निघाला, आता कसला कौल? कुणीतरी म्हणालं, मुलीच्या नादाला लागले मास्तर. आबा म्हणाले म्हणे, मुलीच्या पैशाच्या नादाला आधी लागलो होतो, तेव्हा कोणी काही बोललं नाही.

पुढच्या रविवारी कौल. दामूकाकांची अट: गवंडी तिथेच थांबतील, ह्या वेळी डावी म्हणजे टाइल, देवीने ती दिली की लगेच काम सुरू. आबांनी मान्य केलं. देवी जे देईल ते मान्य, असंही म्हणाले. घरी येऊन माझ्याकडे बघून थेट म्हणाले, तुलाही मान्य हवं.

म्हटलं, हो. किती खरं म्हटलं ते ठाऊक नाही.

२१ नोव्हें.
दिवसभर काही धड झालं नाही. कागद कापला तो तिरका. अ. शे. ची सुरी बोटाला लागली. आईने हळद लावली आणि म्हणाली, तुझ्या आबांना रात्री झोप नाही. म्हटलं, मलाही नाही. म्हणाली, मग दोघं मिळून निदान देवीसाठी जाईचे कळे तरी वेचा. वेचले. एका परातीत. आबांनी किडका कळा माझ्या बाजूचा काढून टाकला.

२२ नोव्हें., रवि.
देवळात. मंडपाच्या दारात बसून लिहितेय, बायकांच्या बाजूला. पेन आईचं.

पांडूने पाकळ्या ओल्या करून लावल्या, देवीच्या उजवीकडे आणि डावीकडे. आबा पुढे झाले. पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, हात जोडलेले. आवाज शाळेतला नव्हता.

"बाये माये सातेरी, तुज्या पांयांकडेन तुजीं लेंकरां उबीं आसात."
"व्हय म्हाराजा," सगळे.
"आदीं हांवें तुका अर्दोच प्रस्न विचारलो. चूक म्हजी. पयशे म्हज्या चेडवाचे, नांव म्हजें घालें. तिकाय विचारूंक ना, तुकाय सारकें विचारूंक ना."

पैसे मुलीचे, नाव स्वतःचं, आणि नीट विचारलं कुणालाच नाही, ह्याला कोणी व्हय म्हणालं नाही. आईने माझा हात धरला, कापलेलं बोट दुखलं, सोडवला नाही.

"आतां पुराय विचारतां. पाटली भिंत, ते मोर, तीं फुलां, आसा तशीं उरूंक तुजी खुशी आसत, जाल्यार उजवी दी. आमी टाइल लावची आसत, जाल्यार दावी दी. तूं दिशी तें मानून घेतलों."
"व्हय म्हाराजा." आता सगळे म्हणाले. दामूकाकाही.

तेव्हापासून पाकळ्या तशाच आहेत. दोन्ही. मागच्या वेळी लगेच पडली होती, दामूकाका हे दोनदा म्हणाले. पांडू म्हणाला, रावया, थांबूया. दुसऱ्या कोणी गाऱ्हाणं घालून बघूया का, असं कुणी सुचवलं, आबांनी मानेनेच नाही म्हटलं. ते उभेच आहेत. स्टूल दिलं ते बाजूला सारलं.

उजवीकडची जरा सरकली असं आईला वाटतं. मला नाही दिसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आहे, मला काहीच धड दिसत नाही.

बाजूच्या दारातून दिसतंय, पाठच्या बाजूला गवंड्यांनी सिमेंट कालवून ठेवलंय. मल्लव्वा तिथे घमेलं घेऊन उभी आहे, आज जास्तीची रोजी म्हणून तीही कामाला आलीय. आत बघते, मग माझ्याकडे बघते. सिमेंट घट्ट होत चाललंय. बाजूला पाण्याची बादली आहे, पण कोणी पाणी घालत नाही.